तोरणमाळचा घाट: मिनी प्रोजेक्टसाठी गोळी चढवण्याचा खेळ कसा बांधायचा

सारंगखेड्याच्या यात्रेत रिंगा टाकायच्या किंवा फुगे फोडायच्या दुकानापुढे माणसं का थांबतात, ते जरा उभं राहून बघा. समोर एक सोपी दिसणारी गोष्ट असते, ती आपल्याला जमेल असं वाटतं आणि ती थोडक्यात हुकते. मग खिशातून पुढची नोट निघते. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टसाठी खेळाचं यंत्र करायचं असेल, तर आधी हे ‘थोडक्यात हुकणं’ बांधायचं असतं. मोटर, सेन्सर, प्रोग्रॅम हे सगळे त्याच्या सेवेला.

मिनी प्रोजेक्ट म्हटलं की लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारी गाडी), स्मार्ट डस्टबिन, ठिबकचं ऑटोमेशन ही नावं पटकन पुढे येतात. विषय वाईट नाहीत, पण ते परीक्षकासमोर एकदा चालले की काम भागतं. खेळाला अनोळखी हात लागतात. कुणी जॉयस्टिक पिळतो, कुणी बटण दहा वेळा दाबतो, कुणी मध्येच निघून जातो. एवढं सोसून जे यंत्र संध्याकाळपर्यंत चालतं, ते बांधताना मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर या तिन्ही शाखांचं शिक्षण एकत्र होतं. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, भुसावळ, शहादा, कुठल्याही कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार-पाच जणांच्या टीमला एका सत्रात झेपेल असा एक खेळ इथे पायरीपायरीने सांगतो.

खेळ कसा आहे

उभी फळी, मागे साधारण १२ अंश कललेली. तिच्यावर तोरणमाळच्या घाटाचं चित्र. फळीसमोर एक आडवा दांडा आणि दांड्यावर २० मिमी व्यासाची स्टीलची गोळी. डाव्या जॉयस्टिकने दांड्याचं डावं टोक वर-खाली होतं, उजव्या जॉयस्टिकने उजवं. फळीत पस्तीसेक भोकं आहेत, त्या दऱ्या. त्यांतल्या दहा भोकांशेजारी दिवे आहेत, ते मुक्काम. एका वेळी एकच दिवा लागतो. गोळी तोल सांभाळत त्या भोकापर्यंत न्यायची आणि त्यातच पाडायची. दुसऱ्या कुठल्याही भोकात गेली की एक जीव गेला. जीव तीन. पहिला मुक्काम पायथ्याशी, मग सातपायरी घाट, सीताखाई असं करत शेवटचा यशवंत तलाव.

कल्पना जुनी आहे. १९८३ मध्ये टायटो कंपनीने याच जातीचं यंत्र बाजारात आणलं होतं. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, त्याने तुमच्या कामाचं मोल कमी होत नाही. भोकांची मांडणी, यंत्रणा आणि प्रोग्रॅम तुमचाच असतो.

पहिले दोन आठवडे: पुठ्ठा, दोरी आणि गोटी

या दोन आठवड्यांत एकही वायर हातात घ्यायची नाही. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा भिंतीला तिरपा टेकवा. वरच्या दोन कोपऱ्यांत खिळे ठोका, त्यांवरून दोन दोऱ्या खाली आणा, दोऱ्यांना पडद्याचा हलका रॉड बांधा. एका पोराने दोन्ही हातांत दोऱ्या धरायच्या आणि काचेची गोटी वर न्यायची. भोकं पाडायची नाहीत. काळ्या कागदाच्या गोल चकत्या चिकटवायच्या. गोटी चकतीवरून गेली की बाद.

चकत्या एका मिनिटात हलवता येतात, प्लायमधलं भोक हलवता येत नाही. सगळी किंमत याचीच आहे. होस्टेलमधल्या, कँटीनमधल्या, प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या मुलांना खेळायला लावा आणि तुम्ही गप्प बसा. ‘अरे डावीकडे घे’ असं सांगायचं नाही. नियम समजावून सांगावे लागले, तर चित्रात किंवा दिव्यांत काहीतरी कमी आहे असं समजा. पहिल्यांदा खेळणाऱ्याला दोन मुक्काम तरी गाठता यावेत आणि तीन जीव दीड-दोन मिनिटांत संपावेत, हे माप मला योग्य वाटतं. याहून अवघड केलं तर माणूस पुन्हा हात लावत नाही. कुणी आपण होऊन ‘आखो एक डाव खेळू दे ना भो’ म्हणालं की मांडणी जमली.

मांडणीचं गणित सोपं आहे. भोक २६ मिमीचं ठेवा. गोळी फळीला एकाच बिंदूत टेकते आणि तो बिंदू भोकाच्या काठाच्या आत गेला की गोळी पडते. म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांत ६० मिमी अंतर असेल, तर मधली वाट ३४ मिमीची. ४२ मिमी असेल तर वाट फक्त १६ मिमीची. खालच्या भागात रुंद वाटा, वरच्या भागात अरुंद, एवढं धोरण पुरेसं आहे. सगळ्यात अरुंद वाट शेवटच्या मुक्कामाच्या अलीकडे ठेवा. थोडक्यात हुकण्याची खरी जागा तीच.

कामाची वाटणी

प्रत्येक कामाला एक धनी आणि एक जोडीदार नेमा. सांगाडा, मोटर आणि वीज, सेन्सर आणि दिवे, प्रोग्रॅम अशी चार कामं होतात. जोडीदार दुसऱ्या शाखेचा असेल तर उत्तम, कारण धनी आजारी पडला किंवा लग्नासाठी गावी गेला तरी काम अडत नाही.

भिंतीवर एकच मोठा कागद लावा. त्यावर दोन खांबांमधलं (म्हणजे दांड्याची टोकं ज्यांवरून वर-खाली सरकतात त्या उभ्या रॉडमधलं) अंतर, दांड्याचा व्यास, कोणती वायर कोणत्या पिनला, कोणत्या रंगाची, हे लिहा. ज्याने बदल केला त्याने कागदावर तारीख टाकून बदल करायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला आकडा दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

सांगाडा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फळीला १२ मिमी प्लाय घ्या, वर गुळगुळीत सनमायका. भोकं समोरच्या बाजूने, धारदार पात्याने, मागे भंगार लाकडाचा तुकडा दाबून पाडा, म्हणजे कडा उडत नाहीत. मग काचपेपरने काठ साफ करा. बोटाला खरखर लागली तर गोळी तिथे अडकेल आणि खेळणारा यंत्राला दोष देईल.

गोळी दांड्यावरून पुढे घरंगळू नये, हा या यंत्राचा गाभा आहे. २० मिमी गोळी फळीला टेकलेली असताना तिचं केंद्र फळीपासून १० मिमी पुढे असतं. दांडा १० मिमी व्यासाचा असेल तर त्याचं केंद्रही फळीपासून १० ते ११ मिमी पुढे हवं. हौसेने दांडा फळीच्या जवळ, समजा ७ मिमीवर, बसवला तर गोळीचं केंद्र दांड्याच्या ३ मिमी बाहेर जातं. दोन्ही केंद्रांतलं अंतर १५ मिमी असल्याने हा कल सुमारे ११.५ अंशांचा होतो आणि फळीचा १२ अंशांचा कल जवळजवळ पूर्ण खर्ची पडतो. मग जरा धक्का लागला की गोळी खेळणाऱ्याच्या अंगावर. समोर ३ मिमी ॲक्रिलिकची शीट लावायचीच आहे, पण ती लोकांच्या बोटांसाठी. गोळी अडवण्याचं काम तिच्यावर सोपवू नका.

दुसरी गोष्ट भूमितीची. दोन खांबांमधलं अंतर ४०० मिमी धरा. दोन्ही टोकं एका उंचीवर असताना दांडा ४०० मिमी लांब लागतो. एक टोक ६० मिमी वर गेलं की पायथागोरसच्या नियमाने त्याला ४०४.५ मिमी लांबी हवी, ८० मिमी वर गेलं तर जवळपास ४०८. दांडा दोन्ही टोकांना पिनने पक्का केला तर तो हमखास जाम होतो, मोटर स्टेप (ठरलेलं पाऊल) चुकवते आणि सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. म्हणून एका टोकाला फक्त फिरणारी पिन आणि दुसऱ्या टोकाला १० मिमी लांबीची खाच. दांड्याच्या दोन्ही टोकांना मोठे वॉशर लावून गोळी बाजूने पडणार नाही असं करा.

दांड्याची टोकं ज्या गाड्यांवर बसतात, त्या ८ मिमी गुळगुळीत स्टील रॉडवर एलएम८यूयू बेअरिंगने सरकवा. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १५ मिमी आणि लांबी २४ मिमी असते. एका गाडीला दोन बेअरिंग एकाखाली एक लावा, एकावर गाडी तिरपी होऊन अडते. रॉड अगदी समांतर हवेत. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी व्हर्नियरने अंतर मोजा.

मोटरचे ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर काढायचा मोह होतो. प्रिंटरमधलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) चालताना तेवढी सहज तापते. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवलेला पीएलएचा भाग वाकडा होऊन निघू शकतो. मोटरचे ब्रॅकेट फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडी किंवा ॲल्युमिनियम अँगलचे करून घ्या. प्रिंटर दिव्यांची घरं आणि सेन्सरच्या खोबण्यांसाठी वापरा.

गोळी परत आणण्यासाठी वीज लागत नाही. फळीच्या मागे सगळ्या भोकांखाली एक तिरका ट्रे आणि ट्रेच्या तोंडाशी ४० मिमी पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ. जळगाव एमआयडीसीच्या परिसरात पाइपचे तुकडे मिळायला अडचण पडू नये. पन्हळ फळीच्या खालच्या उघड्या जागेतून समोर येते आणि गोळी दांड्यावर सोडते. यासाठी दांड्याची घरची जागा (खेळ सुरू होताना तो जिथे असतो ती खालची जागा) सगळ्यात खालच्या भोकापेक्षा किमान १२० मिमी खाली ठेवावी लागते, नाहीतर उतार पुरत नाही. पन्हळीच्या तोंडाशी छोट्या एसजी९० सर्व्होचं (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या मोटरचं) फाटक. संपूर्ण खेळाला एकच गोळी पुरते.

मोटर आणि ड्रायव्हर

दोन नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटर, दोन ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारे छोटे बोर्ड), जीटी२ बेल्ट आणि २० दातांच्या पुली. बेल्टच्या दोन दातांत २ मिमी अंतर असतं, म्हणजे पुलीच्या एका फेऱ्यात बेल्ट ४० मिमी सरकतो. मोटरच्या एका फेऱ्यात १.८ अंशांच्या २०० स्टेप. ड्रायव्हर पाव स्टेपवर ठेवला तर ८०० स्टेपला ४० मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला २० स्टेप. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, पुढे सगळीकडे लागतो. पाव स्टेपसाठी ए४९८८ ची एमएस२ पिन हाय, एमएस१ आणि एमएस३ लो.

दांड्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५० मिमीपासून सुरू करा, म्हणजे सेकंदाला १००० पाव-स्टेप. या वेगाला मोटर थांबलेल्या अवस्थेतून थेट उचलते, हळूहळू वेग वाढवण्याची भानगड लागत नाही. जोर पुरेल का, हेही मोजून ठेवा. एका टोकाला अर्धा किलो वजन धरलं तर सुमारे ५ न्यूटन बल. पुलीची त्रिज्या ६.४ मिमी, म्हणून टॉर्क साधारण ०.३२ किलो-सेंमी. बाजारात सहज मिळणाऱ्या नेमा १७ चा होल्डिंग टॉर्क (थांबलेली मोटर ज्या जोराने धरून ठेवते तो) ४ किलो-सेंमीच्या आसपास असतो. घर्षण धरूनही भरपूर.

ड्रायव्हर लावताना तीन नियम पाळा. मोटरच्या पुरवठ्यावर ड्रायव्हरच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. करंटची मर्यादा मोटर चालवण्याआधी लावायची: बोर्डवरच्या सेन्स रेझिस्टरवर आर१०० असेल तर रेफरन्स व्होल्टेज म्हणजे करंटच्या ०.८ पट, त्यामुळे ०.८ अँपिअरसाठी ०.६४ व्होल्ट. आर०५० असेल तर त्याच्या निम्मं. आणि पुरवठा चालू असताना मोटरची वायर कधीही काढायची नाही, ड्रायव्हर त्याच क्षणी जळू शकतो. दोन ड्रायव्हर जास्तीचे आणून ठेवा.

पुरवठा बंद झाला की मोटरची पकड सुटते आणि दांडा धाडकन खाली येतो. खाली रबराचे जाड तुकडे लावून ठेवा.

गोळी कुठे पडली, हे यंत्राला कसं कळेल

पस्तीस भोकांना पस्तीस सेन्सर लावू नका. मुक्कामाच्या दहा भोकांमागे एकेक आणि परतीच्या पन्हळीवर एक, असे अकरा पुरतात. उजळलेल्या भोकाचा सेन्सर लागला तर जिंकलं. तो न लागता पन्हळीचा लागला तर जीव गेला. चुकीच्या पंचवीस भोकांना वायर नाही, म्हणून तिथे काही तुटायची भीती नाही.

सेन्सरसाठी समोरासमोर आयआर (इन्फ्रारेड) एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा भाग) लावा, गोळी मधून गेली की किरण तुटतो. परावर्तनावर चालणारे तयार मॉड्यूल स्वस्त आहेत, पण चकचकीत गोल स्टीलवरून प्रकाश कुठेही उडतो आणि दहातला एखादा झेल सुटतो. मायक्रोस्विचचा पर्याय आहे, मात्र ही गोळी फक्त ३३ ग्रॅमच्या आसपास भरते. तिरकी घसरून गेली तर कडक पट्टी दबत नाही.

आयआरचा शत्रू ऊन. लॅबमध्ये बिनचूक चालणारं यंत्र गॅदरिंगच्या मंडपात कनातीच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की आंधळं होतं, कारण सूर्यप्रकाशात आयआर भरपूर असतो. प्रत्येक फोटोट्रान्झिस्टरला काळ्या हीट श्रिंकची (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकची) १५ मिमी लांब नळी घाला, फळीची मागची बाजू काळी रंगवा, मागे दार लावा. आणि चाचणी दुपारी बाराला, व्हरांड्यात, उन्हाजवळ घ्या.

मेंदू, दिवे, वीज

अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर पिना कमी पडतात. दोन मोटरच्या चार, मोटर चालू-बंद करणाऱ्या एनेबलची एक, दोन लिमिट स्विच (दांडा घरी पोचला की दबणारे), जॉयस्टिकच्या चार, अकरा सेन्सर, दहा दिवे, डिस्प्ले, सर्व्हो, आवाज, स्टार्ट बटण असा हिशोब छत्तिशीच्या आसपास जातो. शिफ्ट रजिस्टर (कमी पिनांत जास्त जोडण्या करणारी चिप) जोडून उनो चालवता येतो, पण पहिल्या प्रोजेक्टला अर्डुइनोचाच मेगा २५६० घ्या. ५४ डिजिटल पिना आहेत, वायरिंग सरळ राहतं आणि बिघाड पटकन सापडतो.

दिवे साधे लाल एलईडी, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर, करंट ९ मिलिअँपिअरच्या आसपास. रंगीत डब्ल्यूएस२८१२बी पट्टी सुंदर दिसते, पण तिला डेटा पाठवताना कंट्रोलरचे इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे संकेत) बंद राहतात, एका दिव्याला सुमारे ३० मायक्रोसेकंद. दिवे वाढले की तेवढा वेळ स्टेपचे ठोके अडतात आणि मोटर गुरगुरते. सजावटीला पट्टी हवीच असेल तर वेगळ्या अर्डुइनो नॅनो बोर्डवर चालवा. गुणांसाठी टीएम१६३७ चा चार आकडी डिस्प्ले, तोही गुण बदलतील तेव्हाच लिहायचा. आवाजाला डीएफप्लेयर मिनी. त्याच्या आरएक्स पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर मधे घाला.

वीज १२ व्होल्ट ५ अँपिअर एसएमपीएसची (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणाऱ्या पुरवठ्याची). मोटर थेट १२ व्होल्टवर, बाकी सगळं एलएम२५९६ मॉड्यूलने ५ व्होल्ट करून. हे मॉड्यूल आधी मल्टिमीटरवर ५ व्होल्टला लावा, मगच बोर्डला जोडा. सर्व्होला बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज देऊ नका. मॉड्यूलवरून वेगळी वायर आणा आणि जवळ ४७० मायक्रोफॅरड लावा. सगळ्यांचा ग्राउंड एक. २३० व्होल्टची बाजू बंद डब्यात, फ्यूजसह आणि अर्थिंगसह. लोखंडी सांगाडाही अर्थला जोडा. ही बाजू लॅबच्या सरांना दाखवल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

ब्रेडबोर्ड फक्त टेबलावरच्या चाचणीपुरता. यंत्रात झिरो पीसीबीवर सोल्डर केलेलं सर्किट आणि स्क्रू टर्मिनल. लिमिट स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांब, पीळ घालून न्या, नाहीतर मोटर फिरताच स्विच दाबल्याचा भास होतो.

सगळा खर्च अंदाजे सहा ते आठ हजार धरून चाला. जळगावात गोलाणी मार्केट परिसरात, धुळ्यात आग्रा रोडच्या आसपास जे मिळेल ते हाताळून घ्या. बेल्ट, पुली, ड्रायव्हर ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, पण तिसऱ्या आठवड्याच्या आत.

प्रोग्रॅम: कुठेही थांबायचं नाही

गोळी भोकाच्या तोंडाशी हळू असते, पुढे वेग घेते. सेन्सर नेमका कुठे आहे त्यावर किरण २० ते ८० मिलिसेकंद तुटलेला राहतो. म्हणजे प्रोग्रॅमने त्याहून खूप लवकर प्रत्येक सेन्सरकडे बघून यायला हवं. मध्ये कुठे अर्ध्या सेकंदाचा डिले टाकला, तर तेवढ्या वेळात गोळी पडून निघून गेलेली असेल, शिवाय मोटरही थांबलेल्या असतील. डिले हा शब्द मुख्य लूपमध्ये दिसता कामा नये. वेळ मोजायची ती मिलिस फंक्शनने. मोटरसाठी ॲक्सेलस्टेपर लायब्ररीतलं रनस्पीड वापरा, ते एका वेळी फार तर एक स्टेप टाकून परत येतं.

खेळ अवस्थांत तोडा: वाट पाहणं, दांडा घरी आणणं, गोळी सोडणं, खेळ चालू, गोळी पडली, निकाल. एका वेळी एकच अवस्था. कोणत्या घटनेने कोणत्या अवस्थेत जायचं, याची आकृती आधी कागदावर काढा. ती व्हायवाला (तोंडी परीक्षेला) जशीच्या तशी उपयोगी पडते. प्रत्येक अवस्थेला वेळेची मर्यादा द्या. गोळी सोडल्यावर ती दांड्यावर आली नाही, कुणी अर्ध्यात सोडून गेला, घरी येताना लिमिट स्विच लागलाच नाही, या तिन्ही वेळी यंत्राने स्वतःहून सुरक्षित अवस्थेत यायला हवं. घरी येताना दांडा ७०० मिमीहून जास्त सरकला आणि तरी स्विच लागला नाही, तर मोटर बंद करून डिस्प्लेवर बिघाडाचा क्रमांक दाखवा.

दोन टोकांच्या उंचीतला फरक ६० मिमीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, ही अट प्रोग्रॅममध्ये घाला. त्याने खाचही सांभाळली जाते आणि खेळही. ६० मिमी फरकाला दांडा साडेआठ अंश कलतो, घरंगळणाऱ्या भरीव गोळीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाच सप्तमांश गुणिले कोनाची साइन, म्हणजे १.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ४०० मिमी दांडा ती ०.८८ सेकंदात पार करते. माणसाला सावरायला एवढा वेळ जेमतेम पुरतो.

दोन्ही लिमिट स्विच तंतोतंत एका उंचीवर कधीच बसत नाहीत. घरी आल्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा, फरक मिलिमीटरमध्ये मोजा, २० ने गुणा आणि तेवढ्या स्टेपची दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये एका जागी लिहा. प्रवासानंतर हा आकडा बदलतो, म्हणून तो शोधायला सोपा ठेवा.

सत्राच्या मध्यावर: पुन्हा अनोळखी हात

पाचव्या आठवड्यात एक मोटर, एक गाडी हलली पाहिजे. आठव्यात दांडा आणि गोळी, दिव्यांशिवाय. दहाव्यात पूर्ण खेळ. अकराव्यानंतर नवीन काही जोडायचं नाही, कितीही छान सुचलं तरी. उरलेले आठवडे खेळवण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी आहेत आणि ते पुरतात असं समजू नका.

खेळवताना एकाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कितव्या मुक्कामापर्यंत गेला, किती वेळ खेळला, कुठे पडला. गोळी पडताना दोन्ही मोटरच्या स्टेप माहीत असतात, म्हणून पडण्याची उंची यंत्र स्वतःच नोंदवू शकतं. एकाच उंचीवर बहुतेकांची गोळी जात असेल आणि लोक तिथून हसत परत येत असतील, तर ते भोक राहू द्या. तिथून लोक निघून जात असतील तर भोक मागून प्लायच्या चकतीने बुजवा आणि वर सनमायका लावा. वेग बदलून पाहा: ५० मिमीवर आजोबाही खेळतात, ७० वर फक्त हात बसलेली पोरं.

लहान मुलाचा हात जॉयस्टिकपर्यंत पोचतो का, चष्मेवाल्याला दिवा दिसतो का, डावखुऱ्याला स्टार्ट बटण अडचणीचं होतं का, हेही इथेच कळतं.

प्रदर्शन आणि व्हायवा

यंत्र छोट्या हत्तीतून न्यायचं असेल तर गोळी काढून घ्या, दांडा खाली आणून दोरीने बांधा, सगळे नट नायलॉक (सैल न होणारे, आत नायलॉनचं कडं असलेले) असल्याची खात्री करा. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी साधे नट सैल होतात. पिशवीत जादा ड्रायव्हर, बेल्ट, फ्यूज, दोन गोळ्या, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, काळी टेप आणि वायरिंगची छापील आकृती. हीच आकृती मागच्या दाराला आतून चिकटवा. बिघाड झाला तेव्हा वायरिंग करणारा मुलगा नेमका जेवायला गेलेला असतो.

मंडपात पोचल्यावर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा, मग स्पिरिट लेव्हल, मग अकरा सेन्सर हाताने एकेक. दर तासाला मोटरला हात लावून बघा. बोट टिकत नसेल तर दहा मिनिटं विश्रांती द्या आणि रेफरन्स व्होल्टेज पुन्हा मोजा.

बाहेरून आलेल्या परीक्षकाला पीपीटीआधी खेळू द्या. गोळी एकदा पडली की ते स्वतःच विचारू लागतात: खाच कशाला, इतकेच सेन्सर कसे पुरले, दांडा फळीपासून एवढा पुढे का. प्रत्येक प्रश्नाला टीममधल्या वेगळ्या मुलाने उत्तर द्यावं. आणि एक प्रयोग आधीच करून ठेवा. दांड्याचं एक टोक ६० मिमी वर उचला, गोळी सोडा, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये वेळ मोजा आणि गणितातल्या ०.८८ सेकंदाशेजारी ती लिहा. मोजलेली वेळ जास्त येईल, कारण गोळी दांड्यावर घरंगळताना फळीलाही घासत असते. ते घर्षण किती, हे त्या फरकावरून काढून रिपोर्टमध्ये टाका.